जेथे मोटार जात नाही

शरद ऋतूतील सकाळ आहे. तळ्यावरचे धुके अजून पुरते विरलेले नाही. तळ्याच्या काठाने एक रस्ता डोंगराकडे वळत गेला आहे. रस्ता चांगला रुंद आहे. पण त्यावर भोंग्याचा आवाज नाही, धूर नाही, धुरळा उडवीत येणारी मोटार नाही. एक मुलगी सायकल चालवीत येत आहे. चाकाखाली बारीक खडी करकरते, तेवढाच काय तो आवाज. समोरून घोडागाडी येताना दिसताच ती सायकलीवरून उतरते आणि कडेला उभी राहते. गाडी निघून जाते. पुन्हा पाखरांचा किलबिलाट आणि ओढ्याची खळखळ तेवढी ऐकू येऊ लागते.

हा रस्ता अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील मेन राज्यात, माउंट डेझर्ट नावाच्या बेटावर आहे. 'डेझर्ट' या शब्दावरून तेथे वाळवंट असावे, असा एखाद्याचा समज होईल; परंतु तो खरा नव्हे. १६०४ साली फ्रेंच दर्यावर्दी साम्युएल द शांप्लँ याने हे बेट समुद्रातून पाहिले. तेव्हा तेथील डोंगरांचे उघडे, खडकाळ माथे त्याच्या दृष्टीस पडले आणि त्याने बेटाला 'उजाड डोंगरांचे बेट' अशा अर्थाचे नाव दिले. शांप्लँच्या पूर्वी हजारो वर्षांपासून वाबानाकी लोक या प्रदेशात राहत आले होते. डोंगरमाथे उघडे असले तरी उतारांवर स्प्रूस, फर, बर्च आणि मेपल या वृक्षांची दाट वने आहेत. कॅडिलॅक हा येथील सर्वांत उंच डोंगर ४६६ मीटर उंचीचा असून, अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर त्याहून उंच डोंगर दुसरा नाही. या बेटाचा बराचसा भाग आज अकेडिया राष्ट्रीय उद्यानात मोडतो. उद्यानातील डोंगरांच्या अंगाखांद्यावरून सुमारे ४५ मैलांचे, म्हणजे ७२ किलोमीटरांचे, खडीचे रस्ते गेले आहेत. त्यांवर पायी चालावे, घोड्यावर बसावे, घोडागाडी हाकावी किंवा सायकल चालवावी. पर्यटकांच्या मोटारींना मात्र तेथे मज्जाव आहे.

पाहणाऱ्याला वाटते, की हे रस्ते डोंगराने आपणहून काढून दिले असावेत, इतके ते वनाशी एकरूप झाले आहेत. परंतु अशी शांतता आपोआप लाभत नाही. ती कोणीतरी ठरवावी लागते, हातांनी बांधावी लागते आणि पुढे वर्षानुवर्षे राखावी लागते. या रस्त्यांची कथा ही या तीन कामांचीच कथा आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी मोटार हे नवे वाहन होते. माउंट डेझर्ट बेटावरील अनेकांना ते नकोसे वाटे. घोडे बुजत, धूळ उडे आणि उन्हाळ्यात विश्रांतीसाठी आलेल्या लोकांची शांतता भंग पावे. म्हणून १९०३ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने बेटावरील गावांना आपापले रस्ते मोटारींना बंद करण्याची मुभा दिली. परंतु काळाचा ओघ निराळ्या दिशेने वाहत होता. शेतमाल, दुकानदारी, वैद्यकीय मदत या साऱ्यांसाठी मोटार सोयीची आहे, असे पुष्कळांना वाटू लागले. हळूहळू बंदी सैल झाली आणि १९१५ पर्यंत सारे बेट मोटारींना खुले झाले.

या बेटावर सील हार्बर नावाच्या गावी जॉन डी. रॉकफेलर, धाकटे, यांनी १९१० मध्ये घर घेतले होते. त्यांच्या वडिलांनी खनिज तेलाच्या व्यापारात अपार संपत्ती मिळविली होती. ज्या तेलावर जगातील मोटारी धावू लागल्या, त्याच तेलाच्या पैशातून मोटारींना बंदी असलेले रस्ते निर्माण व्हावेत, हा एक विलक्षण योगायोग म्हटला पाहिजे. रॉकफेलर यांना घोड्यांचा लहानपणापासून नाद होता. रस्ते कसे आखावे व बांधावे, याचे धडेही त्यांनी वडिलांच्या जमिनीवर चाललेली कामे पाहून घेतले होते. मोटारींना आता अडविता येणार नाही, हे त्यांनी ओळखले. म्हणून १९१३ मध्ये त्यांनी स्वतःच्या जमिनीत घोडागाड्यांसाठी वेगळे रस्ते बांधण्यास प्रारंभ केला. पुढे ही योजना वाढत गेली आणि १९४० पर्यंत, म्हणजे २७ वर्षे, हे काम चालले. एकूण ५७ मैलांचे रस्ते तयार झाले. त्यांपैकी ४५ मैलांचे रस्ते आज उद्यानाच्या हद्दीत आहेत.

या कामाला सर्वांनीच संमती दिली असे नाही. बेटावरील काही लोकांना वाटे, की वनात मुळी रस्ताच नको. जेथे पायवाटेनेच पोहोचता येते, तेथील एकांत रस्त्यांमुळे नाहीसा होईल. पेनसिल्व्हेनियाचे सेनेटर जॉर्ज व्हार्टन पेपर हे या पक्षाचे होते. १९२४ मध्ये हा वाद थेट वॉशिंग्टनपर्यंत पोहोचला. अखेरीस काम पुढे चालविण्यास अनुमती मिळाली. परंतु विरोधकांची शंका निरर्थक होती, असे म्हणता येणार नाही. वनात काढलेला प्रत्येक रस्ता वनाचा काही भाग घेतो, हे खरेच आहे. म्हणूनच रस्ता काढावयाचा तर तो कमीत कमी इजा करणारा असावा, ही जबाबदारी बांधणाऱ्यावर येऊन पडते. अकेडियातील रस्त्यांत ही जबाबदारी पावलोपावली दिसून येते.

डोंगरावर जाण्याचा सरळ मार्ग सर्वांत जवळचा असतो. पण तो सर्वांत अवघडही असतो. सरळ चढावर घोड्याला धाप लागते आणि सायकलस्वाराला खाली उतरावे लागते. शिवाय सरळ उतारावरून धावणारे पावसाचे पाणी रस्ताच खरवडून नेते. त्यामुळे येथील रस्ते डोंगराच्या अंगाला बिलगून, वळणे घेत, चढ शक्य तेवढा सौम्य ठेवीत वर जातात. वळणांमुळे अंतर वाढते खरे. परंतु थोडा थोडा चढ पुष्कळ वेळ चढणे हे मोठा चढ एकदम चढण्याहून सोपे असते. घाटात गाडी हाकणाऱ्या कोणालाही हे गणित शिकवावे लागत नाही. बहुतेक रस्ते डोंगरांच्या कडेकडेने जातात. डे माउंटन या लहानशा डोंगरावर मात्र रस्ता थेट माथ्यापर्यंत गेला आहे.

हे रस्ते डांबराचे नाहीत, खडीचे आहेत. दगड फोडून त्यांचे थर दाबून रस्ता करण्याची पद्धत स्कॉटलंडचे अभियंते जॉन मॅकॅडम यांच्या नावाने प्रसिद्ध आहे. आपल्या खेड्यांतून 'खडीकरण' या नावाने जे काम होते, ते याच जातीचे. मोठ्या दगडांवर लहान दगड आणि त्यांवर बारीक खडी अशी रचना केली, की धारदार कडांचे दगड एकमेकांत गुंततात आणि घट्ट बसतात. नदीतले गोल गोटे असे गुंतत नाहीत; म्हणून रस्त्याला फोडलेली खडीच लागते. अकेडियातील रस्ते सुमारे १६ फूट, म्हणजे पाच मीटर, रुंद असून दगडांच्या तीन थरांचे आहेत.

खडीच्या रस्त्याचा खरा शत्रू चाक नव्हे, तर पाणी होय. रस्त्यावर पाणी साचले, की बारीक खडी सैल होते. पाणी वाहू लागले, की ते तिला बरोबर घेऊन जाते. प्रथम एक लहानशी चरी पडते, पुढच्या पावसात तिची घळ होते आणि मग खालचे मोठे दगड उघडे पडतात. यावर उपाय कोणता? रस्त्याचा मध्यभाग कासवाच्या पाठीप्रमाणे उंच ठेवावयाचा. या रस्त्यांचा मध्य कडांपेक्षा १५ ते २० सेंटिमीटर उंच ठेवलेला होता. त्यामुळे पडलेला थेंब रस्त्यावर न थांबता बाजूच्या चरात उतरतो. चरांतील पाणी पुढे दगडी मोऱ्यांतून रस्त्याखालून पलीकडे जाते आणि ओढ्याला मिळते. रस्ता, चर आणि मोरी ही एकाच शरीराची तीन अंगे होत. एक अंग दुबळे झाले, की उरलेली दोन्ही निकामी होतात.

ओढे आणि घळी ओलांडण्यासाठी जागोजाग पूल बांधले आहेत. या रस्त्यांवर १७ दगडी पूल असून त्यांतील एकही दुसऱ्यासारखा नाही. १९१७ मध्ये बांधलेला पहिला पूल गोल गोट्यांचा आहे. पुढचे पूल बेटावरच्याच ग्रॅनाइट दगडाने मढविले. त्यांच्या पोटात लोखंडी सळ्यांचे काँक्रीट आहे. डोळ्यांना मात्र दगडच दिसतो. १९२५ मधील एक पूल धबधब्यासमोर उभा आहे. त्यावर थांबणाऱ्याला कोसळणारे पाणी समोरच दिसते. १९३३ मधील स्टॅन्ली ब्रूक पुलाला तीन कमानी आहेत. एकीखालून मोटारींचा रस्ता जातो, एकीखालून ओढा वाहतो आणि एकीखालून पायवाट निघते. वरून मात्र घोडागाड्यांचा रस्ता जातो. मोटारी, पाणी, पादचारी आणि घोडेस्वार, प्रत्येकाला आपापली वाट. कोणालाही दुसऱ्यासाठी अडून राहावे लागत नाही. उद्यानातील मोटारींच्या रस्त्यांसाठीही रॉकफेलर यांनी पैसा दिला होता. त्यांचे वैर मोटारीशी नव्हते. निरनिराळ्या वेगाच्या वाटसरूंना निराळे मार्ग असावेत, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

जेथे रस्त्याच्या बाजूला खोल दरी आहे, तेथे कडेने मोठमोठे ओबडधोबड ग्रॅनाइटचे दगड ओळीने बसविले आहेत. त्यांना पाहून लोक गमतीने 'रॉकफेलरचे दात' म्हणतात. रस्ता खोदताना डोंगराला पडलेल्या जखमा झाकण्यासाठी ब्लूबेरीसारखी तेथलीच झुडपे लावण्यात आली. कोणती झाडे कोठे लावावीत आणि कोठून तळ्याचे किंवा समुद्राचे दृश्य मोकळे ठेवावे, याविषयी बीट्रिक्स फॅरँड या प्रसिद्ध उद्यानरचनाकार विदुषींनी सल्ला दिला. परदेशी फुलझाडे आणून रस्ता सजविण्याऐवजी जे वनात आहे तेच रस्त्याच्या कडेला असावे, हा विचार त्यामागे होता.

हे रस्ते घोडागाड्यांसाठी बांधले असले, तरी आज त्यांवर सायकलस्वारांची मोठी ये-जा असते. याचे कारण समजण्यास कठीण नाही. घोड्याला जो चढ सोसतो, तो सायकलस्वारालाही सोसतो. मात्र खडीवर चालणारी सायकल थोडी निराळी असावी लागते. अरुंद, टणक टायर खडीवरून जाताना प्रत्येक दगडावर उसळतो. त्या उसळण्यात स्वाराची शक्ती वाया जाते आणि चाक घसरण्याचाही संभव असतो. रुंद टायरात हवेचा दाब थोडा कमी ठेवता येतो. असा टायर लहान दगडावर चढण्याऐवजी त्याला आपल्यात सामावून घेतो. त्यामुळे हादरे कमी बसतात आणि जमिनीवरची पकड वाढते. अशा रस्त्यांसाठीच अलीकडे 'ग्रॅव्हल बाइक' नावाची रुंद टायरांची सायकल प्रचारात आली आहे. ईगल लेक या तळ्याभोवतीचा फेरा सुमारे सहा मैलांचा आहे. तो मुलांनाही झेपतो. डोंगरांना वळसा घालणारा मोठा फेरा सुमारे ११ मैलांचा, म्हणजे १८ किलोमीटरांचा असून त्यात चढही अधिक आहे. रस्ते जेथे मिळतात, तेथे क्रमांक लिहिलेले खांब उभे केले आहेत. ते क्रमांक नकाशावर पाहिले, की वाट चुकण्याचे भय राहत नाही.

मोटार नाही म्हणून तेथे कोणी कसेही जावे, असे मात्र नाही. चाकांवरून जाणाऱ्याने पायी चालणाऱ्याला आणि घोड्याला वाट द्यावी, असा तेथील नियम आहे. मागून अचानक सुसाट आलेल्या सायकलीने घोडा बुजतो. म्हणून वेग कमी करून, आवाज देऊन पुढे जावयाचे असते. जेथे मोटारीचे भय नाही, तेथे सायकल हीच इतरांना भय देणारी होऊ शकते. जो बलवान आहे त्याने आधी थांबावे, हा रस्त्यावरचा धर्म सगळीकडे सारखाच आहे.

रस्ते बांधून झाले आणि त्यांची कथा संपली, असे मात्र घडले नाही. ऑक्टोबर १९४७ मध्ये या बेटावर भयंकर वणवा पेटला. १७ हजार एकरांहून अधिक प्रदेश त्यात जळाला. त्यांतील दहा हजारांहून अधिक एकर राष्ट्रीय उद्यानातील होते. जळालेल्या भागात स्प्रूसच्या जागी पुष्कळ ठिकाणी बर्च आणि अ‍ॅस्पेन यांची नवी वने उगवली. आज शरद ऋतूत बेटाच्या पूर्व भागात जी पिवळी-केशरी शोभा दिसते, ती बऱ्याच अंशी त्या वणव्यानंतरच्या वनाची आहे.

वणव्यापेक्षाही सावकाश आणि निमूटपणे रस्त्यांचा घात करणारी गोष्ट म्हणजे दुर्लक्ष. रॉकफेलर हयात होते, तोवर त्यांची माणसे रस्त्यांची निगा राखीत. १९६० मध्ये ते वारले. एवढ्या रस्त्यांची तशीच निगा राखण्यास पुढे पुरेसा पैसा आणि पुरेशी माणसे मिळाली नाहीत. पाने चरांत पडून कुजू लागली. मोऱ्या तुंबल्या. वाट न मिळालेले पाणी रस्त्यावरूनच धावू लागले आणि वरचा बारीक थर वाहून गेला. कडेची झुडपे पुढे सरकली. रस्ता अरुंद झाला. जी दृश्ये मुद्दाम मोकळी ठेवली होती, ती झाडांआड गेली. १९८० नंतरच्या दशकात अशी वेळ आली, की २७ वर्षांच्या श्रमाने उभे राहिलेले हे काम हळूहळू मोडून जाते की काय, अशी चिंता वाटू लागली. हे कोणा एकाच्या हातून झालेले नुकसान नव्हते. प्रत्येक वर्षी थोडे काम राहून गेले; त्या थोड्याथोड्याचा डोंगर झाला होता.

मग शासन आणि नागरिक एकत्र आले. १९८६ मध्ये उद्यानाच्या हितचिंतकांनी 'फ्रेंड्स ऑफ अकेडिया' ही संस्था स्थापन केली होती. १९९२ ते १९९५ या काळात शासनाचा पैसा आणि लोकांच्या देणग्या यांतून रस्ते पुन्हा दुरुस्त करण्यात आले. नवा बारीक थर घातला गेला, मध्यभागाचा उंचवटा पूर्ववत केला गेला, चर आणि मोऱ्या मोकळ्या झाल्या. पण एकदा दुरुस्ती करून भागत नाही, हे आता सर्वांना कळून चुकले होते. म्हणून लोकांनी एक कायमचा निधी उभारला. मुद्दल तसेच ठेवावयाचे आणि त्यापासून येणारे उत्पन्न दर वर्षी रस्त्यांच्या देखभालीस द्यावयाचे, अशी ही व्यवस्था आहे.

रस्त्यालाही विश्रांती लागते, असे तेथील लोक मानतात. हिवाळ्यात जमीन गोठते आणि वसंताच्या आरंभी बर्फ वितळून तिचा चिखल होतो. त्या वेळी रस्त्यावरून चालले, तरी खळगे पडतात. म्हणून त्या दिवसांत हे रस्ते सर्वांनाच बंद ठेवतात. सायकल घेऊन बसलेल्या मुलांना ते दिवस मोठे वाटतात. पण थोडे थांबले, तर वर्षभर रस्ता चांगला राहतो.

आपल्या सह्याद्रीतही अशी शांतता जपलेले एक ठिकाण आहे. माथेरानला येणाऱ्या पर्यटकांच्या मोटारी दस्तुरी नाक्यापाशी थांबतात. तेथून पुढे तांबड्या मातीच्या वाटा झाडांच्या सावलीतून गावात जातात. देश वेगळा, झाडे वेगळी, मातीचा रंगही वेगळा. पण मोटार येथवरच, असे ठरविल्यावाचून ती शांतता तेथेही टिकली नसती.

अकेडियात दर वर्षी नोव्हेंबर महिन्यात एक दिवस लोक हातात दाताळी घेऊन या रस्त्यांवर जमतात. त्यांत वृद्ध असतात, तरुण असतात आणि शाळकरी मुलेही असतात. मेपल आणि बर्च यांची गळलेली पाने चरांत साचलेली असतात. ती ओढून काढावयाची, मोरीचे तोंड मोकळे करावयाचे, एवढेच काम. त्यात पराक्रम काही दिसत नाही आणि काम करणारांची नावे कोठे कोरलीही जात नाहीत. परंतु त्यानंतर पहिला पाऊस पडतो, तेव्हा पाणी रस्त्यावर न चढता निमूटपणे चरातून वाहत जाते. पुढच्या शरद ऋतूत एखादी मुलगी सायकलीवरून त्याच वाटेने जाते आणि तिच्या चाकाखाली खडी पूर्वीसारखीच करकरते.